पिनेचा अर्धा तुकडा

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझ्या दत्तादादाला तर नाहीच नाही. आता तुम्हाला सांगतेय. चौदा वर्षं मला वाटायचं की हे सांगायची वेळ आली तर माझी वाचाच बसेल. इथे तर चहाचा कप शेजारी ठेवून लिहायला बसलेय.

सुरुवात कुठून करू? गोष्ट एका पिनेची आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडायला हुकात जी जाड लोखंडी पिन घालतात ना, तीच. बोटभर जाड नव्हे, चांगली अंगठ्याच्या दुप्पट. एवढ्याशा वस्तूपायी एवढं रामायण कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच म्हणत होते.

मी हिंगोलीला एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. विषय धातुशास्त्र. पोलादाच्या पोटात काय चालतं, ते पोरापोरींना सांगायचं काम. कडक पोलाद का तुटतं, मऊ का वाकतं, आणि कडक असूनही वाकणारं — तुटायच्या आधी ताणलं जाणारं — पोलाद कसं बनवतात. या ताणलं जाण्याला पुस्तकात तन्यता म्हणतात. माझा हा तास बरा होतो म्हणे. कारण मी त्यात एक खरी घडलेली गोष्ट सांगते. आमच्या गावाकडे ट्रॉलीची पिन कशी मोडली, एका माणसाचा पाय कायमचा कसा अधू झाला, आणि हे सगळं भंगारातलं वाईट लोखंड वापरल्यामुळे कसं झालं. गोष्ट संपली की वर्ग चिडीचूप होतो. मग मी फळ्याकडे वळते आणि लिहीत राहते.

पिन मोडली हे खरं. पाय अधू झाला हेही खरं. तिसरं खोटं आहे. दर वर्षी नव्या पोरांना तेच सांगत आले. थोडं थांबा, क्रमाने सांगते.

आमचं गाव गोरेगावजवळ. गावात गणपतमामांची भट्टी होती. लोहारकाम त्यांच्या घरात किती पिढ्यांचं, त्यांनाही ठाऊक नसेल. गावभर त्यांना मामाच म्हणायचे. मी लहानपणी शाळेतून आले की दप्तर फेकून भट्टीपाशी. आई ओरडायची, पोरीच्या जातीला काय करायचाय भाता? मामा मात्र हाकलायचे नाहीत. भंगारातला तुकडा उचलून ऐरणीवर वाजवायचे, कानाशी धरायचे आणि सांगायचे — ही ट्रकची कमान, हा एक्सल, हे नुसतं गजाचं मऊ लोखंड. त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. मी पुढे धातुशास्त्राच्या डिप्लोमाला गेले ते त्या आवाजामुळे, हे मामांना कधी सांगितलं की नाही आठवत नाही. नसेलच.

डिप्लोमा झाला. औरंगाबादच्या एका कारखान्याचं नोकरीचं पत्रही आलं. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! गावातली मी पहिली अशी पोरगी, आणि दत्तादादा तर पारावर बसून सांगायचा, आमच्या संगीला लोखंडाच्या आतलं दिसतं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

सोयाबीनचे दिवस होते. दादाच्या ट्रॉलीची पिन सारखी वाकायची. वाकली की ठोकून सरळ करायची, पुन्हा वाकायची. मी म्हटलं, हा काय मागासपणा? मी देते तुला पिन बनवून, जन्मात वाकणार नाही. मामांकडे गेले. मामांनी ढिगातून ट्रकच्या एक्सलचा एक तुकडा काढला, वाजवला, म्हणाले हा चांगला आहे. त्यांनीच तो तापवून पिनेला डोकं काढून दिलं. पुढचं मी करणार, असं मीच हट्टाने सांगितलं होतं. पिन लालबुंद तापवली आणि जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवली. धूर, चर्र आवाज, आणि दारात चार माणसं बघायला. थंड झाल्यावर कानस लावून पाहिली तर कानस नुसती घसरत होती. इतकी कडक! मी ती कानस सगळ्यांच्या हातात देऊन घासून बघायला लावलं.

मामांनी मात्र मान हलवली. ते म्हणाले, "संगे, हे आता रागात हाय. रागातलं लोखंड मानसांत नेऊ नाही. भट्टीच्या कडंला ठेव, हळूहळू तापू दे. पिवळा रंग येईल, मंग निळा. निळा येऊन जाऊ दे, तवाच काढ."

आणि ते जेवायला घरी गेले.

आता हे नीट समजून घ्या, कारण माझा सगळा गुन्हा इथेच आहे. मामा जे म्हणाले ते मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! परीक्षेत हाच प्रश्न आला होता, आणि मी पूर्ण गुण घेतले होते. लाल पोलाद एकदम थंड केलं की आतल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जिथल्या तिथे अडकतो. गोरेगावहून हिंगोलीला येणाऱ्या जीपमध्ये बसला असाल तर कळेल — दहाच्या जागेत अठरा माणसं, कुणाला कोपर हलवता येत नाही. पोलादाचे थर एकमेकांवरून सरकले तर ते वाकतं. सरकायला जागाच नसली तर ते कडक होतं, पण मग दणका बसला की वाकून तो सोसता येत नाही, सरळ तडकतं. म्हणून पुन्हा हलकंसं तापवायचं. थोडा कार्बन बारीक कण होऊन बाजूला होतो, बाकीच्यांना हलायला जागा मिळते. कडकपणा जरा उतरतो, पण वाकायची तयारी येते. मामांनी हे 'राग' या एका शब्दात सांगितलं होतं. मी चार पानं लिहिली होती.

मग का नाही केलं? दादा ट्रॉली भरून रस्त्यावर हॉर्न वाजवत होता, हे एक. पण खरं सांगू? हॉर्न नसता तरी मी ती ठेवली नसती. पिन पुन्हा तापवली तर कानस लागायला लागेल, ही माझी बोच. आत्ताच चार माणसांसमोर शेखी मिरवली होती ना. मी निळ्या रंगाची वाट पाहिली नाही. पिवळ्याचीही नाही. भट्टीच्या कडेला पिन ठेवली, अर्धा मिनिट उभी राहिले, सांडशीने उचलली आणि दादाकडे नेऊन दिली.

तीन दिवस फेऱ्या नीट झाल्या. चौथ्या दिवशी नाल्याच्या चढणीवर ट्रॅक्टरने झटका घेतला आणि पिन मोडली. पोत्यांनी भरलेली ट्रॉली उताराने मागे गेली. पोत्यांवर सटवाजी बसला होता — आमच्याकडे पोती उचलायला यायचा, तेव्हा तिशीचा असेल. त्याने उडी मारली, पण पाय चाकाजवळ आला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. तो पुढे बराच काळ खाटेवर होता. आजही त्याला काठी लागते, आणि पोतं त्याने त्यानंतर कधी उचललं नाही.

दादा सटवाजीला घेऊन दवाखान्यात गेला. मी निरोप ऐकून पळत नाल्यावर गेले. आणि तिथे मी काय केलं असेल, सांगा बरं? सटवाजीच्या मागोमाग दवाखान्यात गेले? नाही. मी पिनेचे तुकडे शोधले. एक हुकात अडकलेला होता, दुसरा रस्त्याच्या कडेला गवतात पडला होता. उचलून उन्हाकडे धरला. चांगलं पोलाद तुटतं तेव्हा आधी वाकतं, बारीक होतं, त्याचं तुटलेलं तोंड राखाडी, ओढल्यासारखं दिसतं. हे तोंड सपाट होतं आणि खडीसाखरेसारखं चमकत होतं. वाकल्याची खूण कुठेच नाही. ते तोंड बघून मामांना एका नजरेत कळलं असतं की पिन निळी झालेलीच नाही.

म्हणून मी दोन्ही तुकडे घेऊन घरी आले, दादाचं ग्राइंडर लावलं, आणि हुकातल्या तुकड्याचं तोंड घासून गुळगुळीत केलं. ठिणग्या उडत होत्या, आई आतून विचारत होती काय करतेस, आणि मी म्हणत होते आतलं लोखंड बघतेय. दुसरा तुकडा फडक्यात गुंडाळून माझ्या पेटीत टाकला. का ठेवला? नदीत फेकता आला असता की! नाही फेकला. आमच्या धंद्यात नमुना टाकत नाहीत, एवढंच कारण मला सुचतं, आणि ते काही फार चांगलं कारण नाही.

मामा संध्याकाळी आले. घासलेला तुकडा हातात घेऊन फिरवत राहिले. त्यांना वाचायला मी काही ठेवलंच नव्हतं. मग त्यांनी एकच विचारलं, "निळा येऊन गेला व्हता ना?"

मी म्हटलं, "हो."

वर आणखी म्हटलं की एक्सलच्या आत आधीपासून चीर असणार. डिप्लोमावाल्या पोरीच्या तोंडून हे ऐकून दारातली माणसं माना डोलावत होती. मामांनी तुकडा खाली ठेवला. म्हणाले, "असंल बाई. माह्या कानाला नाही आली वळखू."

माझ्यावर विश्वास होता ना त्यांचा! मी हो म्हटलं, म्हणजे पिन बराबर निळी झालेली. मग मोडली कशी? तर लोखंड खराब. लोखंड कुणी निवडलं? त्यांनी. हिशोब सरळ होता, आणि तो त्यांनी स्वतःच मांडला. गावात कुणी त्यांना बोल लावायच्या आधी तेच सांगत फिरले की माझ्या कानाने दगा दिला. सटवाजीच्या घरी तीन महिने रोज डबा घेऊन गेले. मी तेव्हा औरंगाबादला रुजू झाले होते. संक्रांतीला आले तर भट्टीवर कुलूप, ऐरण अंगणात उघडी पडलेली. मामांनी काम सोडलं होतं.

तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? पण तेव्हा मला वाटलं, आता बोलून काय उपयोग. पुढच्या वर्षीही तेच वाटलं. मग लग्न झालं, हिंगोलीला आले, नोकरी लागली, आणि ती गोष्ट वर्गात सांगायला लागले — खोटी. सांगता सांगता कधी कधी मलाच ती खरी वाटायची, इतकी ती अंगवळणी पडली.

पण मामांनी मला सुटू दिलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या मुलाने, बळीरामने, गोरेगावला वेल्डिंगचं दुकान टाकलं. वखराची पास, कोळप्याची पाती, असली शेतीची अवजारं बनवतो. भंगार तर लागतंच. बापाला विचारलं की बाप म्हणायचा, मला काही कळत नाही, संगीला विचार. आणि मग दर सोमवारी गोरेगावच्या जीपमधून माझ्याकडे पोटली यायला लागली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले लोखंडाचे पाच-सहा तुकडे. ड्रायव्हर कॉलेजच्या फाटकावर ठेवून जायचा. मी मधल्या सुट्टीत कडकपणा मोजायच्या मशीनवर ते तपासायचे, खडूने त्यांच्यावर लिहायचे — चालेल, नको, चालेल — आणि परतीच्या जीपमध्ये द्यायचे. नऊ वर्षं.

ज्या माणसाने मला लोखंड ऐकायला शिकवलं, तो नऊ वर्षं मला लोखंड दाखवायला पाठवत होता! बळीराम एकदा सहज म्हणाला की म्हातारा पोटली बांधायच्या आधी एकेक तुकडा हातात धरून बसतो, वाजवत नाही, नुसता धरतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तरीही पुढच्या सोमवारी मी खडू घेतलाच.

मग गेल्या महिन्यात पोटलीबरोबर मामाच आले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले होते, म्हणाले तुझं मशीन तरी बघू एकदा. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, खुर्ची दिली. पंख्याखाली बसून ते टेबलावरची यंत्रं बघत होते. आमच्याकडे नवा सूक्ष्मदर्शक आला होता, तोही दाखवला. त्यात गाडीच्या पत्र्याचा नमुना लावलेला होता, नव्या जातीच्या पोलादाचा. मऊ कणांच्या मधेमधे कडक कण. मऊ कण ताणले जातात, कडक कण भार पेलतात, म्हणून अपघातात पत्रा फाटत नाही, चुरगळतो आणि आतला माणूस वाचतो. मामांना सांगितलं. डोळा लावून बराच वेळ बघून ते म्हणाले, म्हणजे थोडं रागात अन् थोडं शांत, मिळून नांदायलं.

त्यांनी ते इतक्या कौतुकाने म्हटलं की मला पुढे राहवेना. मी तिथल्या माझ्या कपाटातून ती जुनी पेटी काढली; घरी कुणाला सापडू नये म्हणून ती इथेच ठेवली होती. फडकं सोडलं. चौदा वर्षांचा तुकडा, थोडा गंजलेला, पण तोंडाला मी तेल लावून ठेवलं होतं — हो, तेलही लावत होते, काय सांगू — त्यामुळे ते अजून चमकत होतं. मी काही न बोलता त्यांच्या हातावर ठेवला.

सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही. डोळ्यांची तर नाहीच. त्यांनी अंगठा त्या तोंडावरून फिरवला, एकदा, दोनदा, आणि थांबले.

"हे तं रागातच हाय," ते म्हणाले. "निळं झालंच नाही हे."

मी म्हटलं, नाही झालं. पिवळंही नाही झालं. मी थांबलेच नाही, मामा. तुमचं लोखंड चांगलं होतं. दुसऱ्या तुकड्याचं तोंड मी घासलं, तुम्हाला कळू नये म्हणून.

"काहून गं?"

एवढंच विचारलं त्यांनी. सांगायला कारणं होती. हॉर्न होता, नोकरी होती, पारावरची माणसं होती, बावीस वर्षांचं वय होतं. एकही तोंडातून काढलं नाही. म्हटलं, लाज वाटली. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यात राग होता. असायलाच हवा होता. मी मान खाली घातली नाही, एवढं एक त्या दिवशी बरं केलं.

मग त्यांनी तो तुकडा टेबलावर ठेवला आणि आपली पोटली पुढे ओढली. गाठ सोडली. त्या दिवशीचे तुकडे होते, पाच. पहिला उचलला, दुसऱ्यावर वाजवला, आणि कानाशी नेला. पुन्हा वाजवला. प्रयोगशाळेत तो आवाज घुमला आणि मी लहान असताना भट्टीपाशी उभी राहायचे तशीच उभी राहिले.

"कमानीचं," ते म्हणाले. बाजूला ठेवलं. पुढचा. "हे गजाचं, नगं." पुढचा. पाचही तुकडे वाजवून झाले. मी मशीनकडे गेले नाही. खडू खणातच राहिला. त्यांनी चांगले तीन फडक्यात बांधले, नको असलेले दोन माझ्या टेबलावर सोडले आणि उठले. जीपपर्यंत मी सोबत गेले. जाताना त्यांनी हातही वर केला नाही.

आणि मी? मला हलकं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. रस्त्यावर उभी राहून मी चक्क उसाचा रस प्यायले, दोन ग्लास. त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकली ती सकाळीच उठले. त्यांच्या डोळ्यांत तेवढा राग बघून आल्यावर असं हलकं वाटावं का, ते मला ठरवता येत नाही. पण वाटलं, आणि अजून वाटतंय.

रविवारी गावी जाऊन दादाला आणि आईला सांगितलं. दादा उठून बाहेर गेला. सटवाजीच्या घरीही गेले. तो ओट्यावर बसला होता, काठी भिंतीला टेकवलेली. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, लोखंडानं मोडला काय अन् तुमी मोडला काय, चालावं तं असंच लागते." मग बायकोला चहा ठेवायला सांगितलं. तो चहा मी प्यायले. त्याने दिला म्हणून प्यायले, दुसरा अर्थ त्यात शोधला नाही.

वर्गातही सांगितलं, त्याच तासाला, त्याच फळ्यासमोर. यंदाच्या पोरांना गोष्ट खरी ऐकायला मिळाली. आधीच्यांचं काय करायचं, मला माहीत नाही.

काल सोमवार होता. मधल्या सुट्टीत फाटकावर गेले. गोरेगावची जीप आली, माणसं उतरली, एक बाई कोंबडी घेऊन उतरली. ड्रायव्हरला विचारलं, आज पोटली? तो म्हणाला, मागच्या सोमवारीही नव्हती की मॅडम, आणि आता येणार नाही, म्हाताऱ्याने ऐरण पुन्हा आत घेतलीय, भट्टीवर दिवसभर ठणठण लावलीय, शेजारी वैतागलेत.

मी वर आले आणि मशीनवर कापड घातलं.